तलावाकाठी पाणी का तुंबतं

लोणावळा, कर्जत, इगतपुरी, अलिबाग, गोव्यातलं आसगाव या भागांत बंगल्यामागे पोहण्याचा छोटा तलाव असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. या तलावांच्या पाण्याची काळजी बरीच घेतली जाते. पीएच मोजला जातो, क्लोरीन टाकलं जातं, फिल्टर धुतला जातो. तलावाभोवतीच्या फरसबंदीला सगळे डेक म्हणतात. या डेकच्या कडेने जाणाऱ्या जाळीच्या नालीकडे मात्र जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीपर्यंत कोणाचं लक्ष जात नाही. सर येते, डेकवर पाणी चढतं, बागेतली माती आणि पानं त्याच्याबरोबर तलावात उतरतात आणि अर्ध्या तासात सगळा तलाव गढूळ होतो. मग जी धावपळ होते ती तलावाच्या पाण्यासाठी. बिघाड हातभर अंतरावर, जाळीखाली असतो.

नाली पानांनी तुंबली, असं आपण सहज म्हणतो. पण त्याच झाडाखालची एक नाली वर्षानुवर्षं वाहती राहते आणि दुसरी दर महिन्याला भरते, याचा अर्थ दोष पानांचा नाही. पाणी जिथे मंदावतं तिथे गाळ बसतो, आणि गाळ बसला की पाणी आणखी मंदावतं. म्हणून नाली साफ करायला बसणाऱ्याने गाळ उपसण्याआधी तो नेमका कुठे बसला आहे हे बघायला हवं. ती माहिती घमेल्यात भरून टाकून दिली, तर पुढच्या पावसात तेच काम पुन्हा करावं लागतं.

आधी एक घोटाळा दूर करू. तलावाभोवती बऱ्याच ठिकाणी दोन वेगवेगळ्या नाल्या असतात, आणि दोन्हींवर सारखीच जाळी असल्याने त्या एकच समजल्या जातात. पाणी काठोकाठ भरून वाहणाऱ्या तलावाला अगदी काठाला लागून एक नाली असते. तिच्यात उतरलेलं पाणी बॅलन्सिंग टाकीत जातं आणि तिथून पंप-फिल्टरमधून पुन्हा तलावात येतं. ती तलावाच्या अभिसरणाचा भाग आहे. दुसरी नाली डेकच्या बाहेरच्या कडेला किंवा डेकच्या मधोमध असते. ती पावसाचं आणि पोहणाऱ्यांच्या अंगावरून निथळलेलं पाणी बाहेर घेऊन जाते. या लेखात जिची चर्चा आहे ती ही दुसरी. डेकचा ढाळ तलावापासून दूर, या बाहेरच्या नालीकडे असावा लागतो, साधारण ५० ते १०० फुटांमागे एक फूट. साबण लावून डेक घासताना ते पाणी चुकून काठाच्या नालीत गेलं, तर साबण फिल्टरमधून फिरून तलावात येतो आणि पाण्यावर फेस धरतो. आपल्याकडची कोणती नाली कुठे जाते याची खात्री करून घ्यायची असेल, तर पंप बंद ठेवून प्रत्येकीत एकेक बादली पाणी ओतावं आणि ते कुठे निघतं ते प्रत्यक्ष जाऊन बघावं. नकाशावर विसंबू नये. बांधताना बदललेल्या गोष्टी नकाशावर क्वचितच चढतात.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पाच मीटर रुंद आणि दहा मीटर लांब तलावाभोवती चारही बाजूंनी दोन मीटरचा डेक धरला, तर डेकचं क्षेत्रफळ ७६ चौरस मीटर भरतं. घाटमाथ्यावरची जोराची सर भले दहाच मिनिटं पडो, तेवढ्या वेळात तिचा वेग तासाला १०० मिलिमीटर असू शकतो. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, हे लक्षात घेतलं की या सरीचा जोर कळतो. अशा सरीत आपल्या डेकवर सेकंदाला दोन लिटरांहून थोडं अधिक पाणी पडतं. नाली डेकला वेढा घालून दोन बाजूंनी एकाच तोंडाशी येत असेल, तर प्रत्येक बाजूला सेकंदाला साधारण एक लिटर वाहून न्यावं लागेल.

दहा सेंटिमीटर रुंदीच्या, साडेसात सेंटिमीटर पाणी मावणाऱ्या, गुळगुळीत आणि शंभरात एक ढाळाच्या नालीतून सेकंदाला सहा लिटर सहज जातात. म्हणजे गरजेच्या सहापट. मग तुंबतं कसं? नालीचा ढाळ शंभरात एक ऐवजी चारशेत एक केला, तर वहन निम्म्यावर येतं, कारण पाण्याचा वेग ढाळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्यात नाली गाळाने निम्मी भरली, की उरलेली खोली निम्मी असली तरी वाहणारं पाणी निम्मं राहत नाही. ते त्याहून बरंच कमी होतं, कारण पाण्याचा थर उथळ झाला की तळाचं आणि बाजूंचं घर्षण भारी पडतं, आणि गाळाचा तळ गुळगुळीतही नसतो. दोन्ही दोष एकत्र आले की तीच नाली सेकंदाला पाऊण लिटरही नेत नाही. पाणी जाळीवर येतं. सहापट क्षमता अशी कोणाच्या लक्षात न येता संपते.

गाळ बसण्यामागचा नियम मलनिस्सारणाच्या कामातल्या प्रत्येक अभियंत्याला पाठ असतो. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरच्या वर राहिला, तर ते वाळू-मातीचे कण बरोबर घेऊन जातं आणि नाली स्वतःला धूत राहते. वेग त्याखाली आला की कण तळाशी बसतात. वरच्या उदाहरणातली शंभरात एक ढाळाची नाली भरून वाहताना ०.८ मीटर वेगाने वाहते, चारशेत एकची ०.४ मीटरने. पहिली धुतली जाते, दुसरी भरत जाते. झाडं तीच, पाऊस तोच.

मग मुळात ढाळ कमी का ठेवला जातो? कारण शंभरात एक ढाळ म्हणजे दहा मीटर लांबीत दहा सेंटिमीटर उतार. शेवटच्या टोकाला नाली तेवढी खोल न्यायची तर खाली जागा लागते, आणि तिथे बहुधा काँक्रीट, वॉटरप्रूफिंग किंवा तलावाचे पाइप आधीच टाकलेले असतात. डेकचं काम सगळ्यात शेवटी येतं. तोवर जागा, पैसे आणि धीर तिन्ही संपत आलेले असतात. गवंडी नाली जवळजवळ सपाट बांधतो, वर जाळी बसते, आणि सपाटपणा कोणाला दिसत नाही. हा दोष साफसफाईने जात नाही. पण साफसफाईच्या वेळी तो पकडता येतो.

गाळात काय असतं ते जागेवर ठरतं. अलिबाग, नागाव, किहीमच्या किनाऱ्यावर सुरूच्या सुयांसारख्या काड्या जाळीच्या फटीतून उभ्या आत पडतात आणि आत आडव्या होऊन एकमेकींत अडकतात. त्यावर किनाऱ्याची बारीक वाळू बसते. नारळाखाली झापांच्या बुडाचं जाळीदार कापडासारखं आवरण तुटून पडतं. ते कुजायला फार वेळ लागतो आणि नालीच्या तोंडावर ते गाळणी बनून बसतं. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांत बांबूची पानं आणि मुरमाची भुकटी. गोव्यात आणि दक्षिण कोकणात जांभ्याची तांबडी, चिकट माती. ती एकदा वाळली की थापीनेच निघते. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला काळी माती, जी ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. तिच्यावर टाकलेला डेकच दर वर्षी थोडा वरखाली होतो, आणि आधी बरोबर असलेला ढाळ चार-पाच वर्षांत बिघडतो. गुलमोहर, सोनमोहर, विलायती शिरीष ही बंगलेवाल्यांची आवडती झाडं, पण त्यांची पर्णिका इतकी बारीक असते की कुठलीच जाळी तिला अडवत नाही. बोगनवेलीचे कागदी रंगीत दल पाण्यावर तरंगत येऊन तोंडाशी थर लावतात. आंब्याचा मोहर चिकट असतो, त्यावर धूळ बसते. पोहणाऱ्यांचे केस आणि सनस्क्रीनचं तेल हे प्रमाणाने थोडं, पण या सगळ्याला एकत्र बांधण्याचं काम तेच करतं.

तरी सगळ्यात जास्त गाळ झाडांवरून येत नाही. तो शेजारच्या वाफ्यातून येतो. हिरवळ लावताना तांबडी माती आणून टाकतात, दर वर्षी वर खत-मातीचा थर देतात, आणि काही वर्षांत वाफा डेकपेक्षा उंच होतो. मग प्रत्येक सरीत माती उतारावर, म्हणजे नालीत येते. वाफ्याच्या मातीची पातळी डेकच्या कडेपेक्षा चार बोटं खाली ठेवली, एवढ्यानेच नालीतला गाळ फार कमी होतो. मला विचाराल तर जाळी बदलण्यावर खर्च करण्याआधी हे करावं.

नालीच्या भिंतींवर आणि जाळीच्या फटींत एक पांढरा, खडबडीत थरही दिसतो. लोक त्याला क्षार किंवा खार म्हणतात. तो बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, गीझरच्या कॉइलवर जमतो तोच. तलावाच्या पाण्यात कॅल्शियम मुद्दाम राखलेलं असतं. लिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम कठीणपणा असला म्हणजे पाणी सिमेंट आणि टाइलच्या सांध्यांतला चुना ओढून घेत नाही. हे पाणी उसळून डेकवर येतं, नालीत वाळतं, आणि कॅल्शियम मागे राहतं. दख्खनच्या पठारावरच्या बोअरचं पाणी मुळातच जड असतं, तिथे थर लवकर चढतो. नव्या बांधकामात आणखी एक वाट असते. फरशीखालच्या सिमेंटच्या थरात मुरलेलं पाणी त्यातला मोकळा चुना विरघळवून घेतं आणि नालीच्या भिंतीतून झिरपून हवेत आलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा थर सोडतं. नव्या डेकच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत असा थर भराभर वाढताना दिसला, तर समजावं की फरशीखाली पाणी मुरतं आहे. सांधे तपासावेत.

इथे बहुतेक जण ॲसिडची बाटली उचलतात. तिला हात लावू नये, असं मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. आपल्याकडे डेकला लावले जाणारे शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही दगड चुनखडीचे आहेत. ॲसिड जसं पांढऱ्या थराला खातं तसंच ते या दगडांनाही खातं, कारण रसायन एकच आहे. घासून गुळगुळीत केलेली कोटा फरशी एका पुसण्यात पांढुरकी आणि खडबडीत होते, आणि तो डाग नव्हे, दगडच गेलेला असतो. व्हिनेगर किंवा लिंबूसत सौम्य खरं, पण चुनखडीवर तेही चरतं. ग्रॅनाइट आणि काळा बेसाल्ट टिकतील, त्यांचे सिमेंटचे सांधे टिकणार नाहीत. बाजारातलं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्यातल्या क्लोराइडमुळे स्टीलच्या जाळीवर बारीक खड्डे पडतात आणि तिथून गंज धरतो.

दगडाचं नुकसान भरून काढता येतं. माणसाचं काढता येत नाही. तलावाच्या पंपरूममध्ये पीएच खाली आणायचं ॲसिड आणि जंतू मारायचं क्लोरीन, दोन्ही डबे बहुधा शेजारी ठेवलेले असतात. नालीत आधी पडलेल्या क्लोरीनच्या दाण्यांवर ॲसिड ओतलं, किंवा ॲसिडनंतर ब्लीच ओतलं, की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो. वर निघून न जाता तो नालीत आणि जमिनीलगत साठतो, आणि साफ करणारा नेमका गुडघ्यांवर बसून नालीत वाकलेला असतो. पांढरा थर काढायला पॉलिशवाल्याचा दगड, नायलॉनचा ताठ ब्रश, रंगाऱ्याची पत्री आणि थोडा वेळ पुरतो. थर आधी ओला करून ठेवला तर कड सुटते. स्वयंपाकघराच्या मोरीसाठी मिळणारी कॉस्टिकची पावडरही इथे कामाची नाही. ती तेल आणि केसांवर चालते. वाळू, माती आणि सुरूच्या काड्या तिने विरघळत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. कोकणात पावसाआधीच्या तयारीला आगोट म्हणतात. कौलं शाकारणं, लाकूडफाटा आत घेणं, परड्यातले चर मोकळे करणं हे सगळं त्या आगोटीतलं. नाली साफ करणंही त्याच यादीतलं. मे महिना यासाठी उत्तम, कारण तेव्हा गाळ कोरडा असतो. कोरडा गाळ ढेकळांनी उचलता येतो. तोच ओला झाला की चिखल होतो आणि जिथे हात पोहोचत नाही तिथे जाऊन बसतो. म्हणून सुरुवातीलाच पाण्याचा पाइप सोडणं ही सर्वांत मोठी चूक. पाण्याच्या जोराने नाली दोन मिनिटांत स्वच्छ दिसते, आणि सगळा गाळ जमिनीखालच्या पाइपात जाऊन घट्ट होतो.

जाळी उचलायला दोन हूक लागतात, नसतील तर जाड तारेचे करून घ्यावेत. स्क्रूने बसवलेली जाळी असेल तर स्क्रू गंजलेले निघतील हे धरून चालावं. आदल्या संध्याकाळी त्यांवर थोडं तेल सोडून ठेवावं. प्रत्येक तुकड्यावर खडूने आकडा घालावा, कारण कोपऱ्यातले आणि कापून बसवलेले तुकडे जागा बदलली की बसत नाहीत आणि मग डुगडुगतात. डुगडुगणाऱ्या जाळीवर अनवाणी ओला पाय पडणं धोक्याचं असतं. जाळी निघाली की काहीही न उचलता नालीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावं आणि फोनवर फोटो घ्यावेत. गाळ सगळीकडे सारख्या जाडीचा असेल, तर ढाळ एकूणच कमी आहे किंवा माती फार येते आहे. एकाच ठिकाणी ढिगारा असेल तर तिथे नालीचा तळ खचला आहे, किंवा दोन तुकड्यांच्या सांध्यात पायरी तयार झाली आहे. काटकोनी वळणावरचा ढिगारा वळणामुळे. तोंडाजवळचा ढिगारा मात्र नालीचा दोष दाखवत नाही, तो पुढच्या पाइपाकडे बोट दाखवतो.

पाहून झालं की नालीच्या तोंडात जुन्या फडक्याचा बोळा घट्ट बसवावा, त्याला दोरी बांधून दोरी बाहेर ठेवावी. एवढी एक गोष्ट केली तर पुढचं निम्मं काम वाचतं. मग वरच्या टोकाकडून तोंडाकडे येत थापीने गाळ उचलून घमेल्यात घ्यावा. थापी नालीच्या रुंदीपेक्षा अरुंद हवी. अशी नसेल तर कौलाचा तुकडा किंवा बांबूची कामटी चालते. बाजूंना चिकटलेली माती ब्रशने सुटी करावी, कोरडा झाडू मारावा, आणि सगळं भरून झाल्यावरच थोडं पाणी सोडून उरलेलं गढूळ पाणी तोंडाजवळ मगने उपसावं. बोळा काढायचा तो त्यानंतर. पानं-माती खताच्या खड्ड्यात गेली तरी हरकत नाही. पण तलाव मिठाच्या क्लोरिनेटरवर चालत असेल, तर त्याच्या पाण्यात लिटरमागे तीन-चार ग्रॅम मीठ असतं, आणि तो गाळ झाडांच्या बुडाशी टाकू नये.

रिकाम्या नालीत वरच्या टोकाला बादलीभर पाणी एकदम ओतावं. ते कुठे रेंगाळतं, कुठे डबकं उरतं हे लगेच कळतं. गवंड्याची पारदर्शक लेव्हल-नळी असेल तर दोन्ही टोकांच्या तळाची उंची मोजून घ्यावी आणि आकडा कुठेतरी लिहून ठेवावा. त्यानंतर नालीचा पाइप ज्यात उतरतो त्या पुढच्या चेंबरचं झाकण उघडून नालीत दुसरी बादली ओतावी. नाली भरते आणि चेंबर कोरडं राहतं, तर अडथळा दोहोंमधल्या पाइपात आहे. चेंबरही भरतं, तर अडथळा त्याच्या पलीकडे, आणि नाली कितीही घासली तरी उपयोग नाही. पाणी चेंबरमध्ये येतं पण ओतलं त्यापेक्षा स्पष्ट कमी येतं, तर पाइप कुठेतरी फुटला आहे आणि पाणी डेकखाली मुरतं आहे. हे सर्वांत वाईट. डेकखालची माती वाहून जाते, फरशा पोकळ वाजू लागतात. तलावाच्या भिंतीबाहेर पाण्याचा दाब वाढतो, आणि अशा वेळी कोणी दुरुस्तीसाठी तलाव रिकामा केला तर भिंतींना तडे जाऊ शकतात, हलका तलाव उचललाही जाऊ शकतो. भर पावसाळ्यात तलाव पूर्ण रिकामा करू नये, ते यासाठीच.

पाइपातला अडथळा काढायला लांब सळई घालून ढोसण्याचा मोह होतो. तिने पीव्हीसीचं बेंड फुटतं किंवा गठ्ठा आणखी आत दाबला जातो. प्लंबरची फिरवायची स्प्रिंग गठ्ठ्यात शिरून त्याला मागे ओढते, ती आधी वापरावी. प्रेशर वॉशर असेल तर मागच्या बाजूला फवारे सोडणारा नोझल लावून खालच्या चेंबरकडून वरच्या दिशेने जावं, म्हणजे सुटलेला गाळ चेंबरमध्ये परत येतो. वॉशर ज्या पॉइंटवर लावायचा तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते आधी बघावं. स्प्रिंगला तांबूस, केसांसारखी मुळं लागून आली तर ती झाडाची आहेत. वड, पिंपळ, उंबर आणि कुंपणाला लावला जाणारा शोभेचा फायकस यांची मुळं पाइपाच्या सांध्यातल्या ओलीच्या मागावर येतात. ती कापली तरी परत वाढतात. सांधा बदलणं हाच उपाय.

हात कुठे घालतो ते बघून घालावा. कोकणात फुरसं आणि लाल विंचू दोन्ही अशा गार, अंधाऱ्या सांदीत राहतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन वापरून लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू किती कमी केले हे वैद्यकाच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे, पण ते औषध वेळेत मिळावं लागतं. जाळी हुकाने उचलावी आणि क्षणभर थांबून मग वाकावं. रबरी हातमोजे आणि गमबूट आवश्यक आहेत, कारण उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या भेगेतून किंवा हाताच्या खरचटण्यातून शरीरात शिरतो. आणि खोल चेंबर किंवा बॅलन्सिंग टाकीत कोणालाही उतरवू नये. डेकची लाइन चुकीने सेप्टिक टाकीच्या लाइनला जोडलेली बऱ्याच जागी सापडते आणि तिथला वायू दिसत नाही. गटार किंवा सेप्टिक टाकीत माणसाला असं सुरक्षेशिवाय उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते करायचं नसतंच.

हे सगळं करणारा माणूस बहुतेक वेळा बंगल्याचा मालक नसतो. मालक मुंबईत किंवा पुण्यात, शनिवार-रविवारी येणारा. पाणी कुठे थांबतं हे रोज बघणारा केअरटेकर जागेवर असतो, आणि "साहेब, त्या कोपऱ्यात उतारच नाही" हे त्याने फोनवर सांगितलेलं ऐकून घेतलं जात नाही. त्याला हातमोजे, बूट, योग्य थापी द्यावी, आणि त्याचं निरीक्षण ठेकेदाराच्या मतापेक्षा वरचं मानावं. माझ्या मते या विषयात त्याच्याइतका जाणकार दुसरा कोणी नसतो.

डबकं राहू देण्यात डासांचा धोका आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. जाळीखालचं पेलाभर पाणीही त्याला चालतं. म्हणून जिथे ढाळ दुरुस्त होईपर्यंत पाणी राहणारच आहे, तिथे आठवड्यातून एकदा ते फडक्याने टिपून काढावं.

दुरुस्तीत पूर्ण नाली उखडावी लागतेच असं नाही. खचलेल्या भागात तळाला सिमेंटचा पातळ थर देऊन आणि कडांना वाटा मारून ढाळ साधता येतो, फक्त नालीची उरलेली खोली मोजून. लांबच लांब सपाट नालीला मधोमध दुसरं तोंड काढलं, की प्रत्येक अर्ध्या भागाला निम्मंच पाणी वाहावं लागतं आणि त्याच खोलीत दुप्पट ढाळ बसवता येतो. पाइप सुरू होण्याआधी एक गाळपेटी हवी, म्हणजे असं चेंबर ज्याचा बाहेर जाणारा पाइप तळापासून वीतभर उंच आहे. जड माती खाली बसते, पाणी वरून जातं, आणि गाळ हाताने काढता येईल अशा जागी राहतो. ही युक्ती फार जुनी आहे. मोहेंजोदडोच्या रस्त्यांवरच्या विटांच्या गटारांत ठिकठिकाणी गाळ बसण्यासाठी खड्डे ठेवलेले होते आणि गटारांवरच्या विटा किंवा दगडी फरशा साफसफाईसाठी उचलता येत. तिथलं सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद स्नानकुंड डांबराचा थर देऊन जलाभेद्य केलेलं होतं, आणि त्याचं पाणी बाहेर नेणारी स्वतंत्र मोठी मोरी होती. आजच्या काही डेकमध्ये जाळीऐवजी फक्त बोटभर फट ठेवतात, खालची नाली उघडण्याची सोयच नसते. दिसायला ते सुरेख असतं. पण ज्या नालीत हात घालता येत नाही ती बसवूच नये. बसवलीच असेल, तर दर तीन-चार मीटरवर उचलता येणारा एक तुकडा कापून घ्यावा.

जाळी नवी घ्यायची असेल तर समुद्राजवळ आणि मिठाच्या क्लोरिनेटरच्या तलावाला एसएस ३०४ ऐवजी एसएस ३१६ घ्यावी. तिच्यातलं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम क्लोराइडच्या गंजापासून राखतं. तरीही तिच्यावर ॲसिड पडू देऊ नये.

पावसाळ्यात गणपतीच्या सुमारास एकदा जाळ्या उचलून गाळपेटी रिकामी करावी, कारण जून-जुलैच्या सरींनी आणलेली माती तोवर भरलेली असते. तेव्हाचं शेवाळ मात्र तसंच राहू द्यावं. ओलं असताना घासलं की ते नुसतं पसरतं. ऑक्टोबरच्या उन्हात जाळ्या काढून नाली दोन-तीन दिवस उघडी ठेवली, भोवती दोरी बांधून कोणाचा पाय त्यात जाणार नाही अशी, की ते वाळून पापुद्र्यांनी सुटतं आणि कोरड्या खराट्याने निघून येतं.